विशेष दले : गैरवर्तन व आदेशसंस्कृती

विशेष दलांतील जवानांकडून युद्धनियमांचा भंग होणे आणि दलातील अधिकाररचनेने तो होऊ देणे वा दडवणे, हा लष्करी कायदा व समाजशास्त्र यांच्या सीमेवरचा अभ्यासविषय.

हाताखालच्यांच्या कृत्यांबद्दल सेनानीला जबाबदार धरण्याच्या तत्त्वाचा उगम वादग्रस्त आहे. काही अभ्यासक तो बर्गंडीच्या ड्यूकचा प्रशासक पेटर फोन हागेनबाख याच्या १४७४ मधील ब्रायझाख येथील खटल्यात पाहतात. परंतु त्याच्यावर मुख्यतः स्वतः केलेल्या व करवलेल्या अत्याचारांचेच आरोप होते. फ्रान्सचा राजा सातवा चार्ल्स याचा १४३९ चा ऑर्लेआं येथील वटहुकूम या तत्त्वाच्या अधिक जवळ जातो : दोषी सैनिकाला शासन करण्यात हयगय करणारा कप्तान त्याच गुन्ह्याचा धनी ठरे. आधुनिक चर्चा सामान्यतः जपानी सेनापती यामाशिता याच्या मनिलातील खटल्यापासून (१९४५) सुरू झाल्याचे मानतात. त्याच्या सैनिकांनी केलेल्या अत्याचारांची त्याला माहिती होती हे सिद्ध न होताच १९४६ मध्ये त्याला फाशी दिली गेली, हा आक्षेप आजही घेतला जातो. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापणाऱ्या करारातील, म्हणजे रोम संविधीतील, २८ व्या कलमानुसार सेनानीला ‘माहीत असायला हवे होते’ एवढेही पुरते. ऑस्ट्रेलियाच्या फौजदारी संहितेला मात्र प्रत्यक्ष ज्ञान किंवा बेपर्वाई लागते.

हा फरक न्यायमूर्ती ब्रेरेटन यांच्या चौकशी अहवालानंतर (नोव्हेंबर २०२०) कळीचा ठरला. ऑस्ट्रेलियाच्या विशेष दलांनी अफगाणिस्तानात २३ घटनांत ३९ जणांना बेकायदेशीरपणे ठार केल्याची विश्वासार्ह माहिती चौकशीत मिळाली. नवख्या जवानाला ‘पहिला बळी’ म्हणून कैद्यावर गोळी झाडायला लावणे, मृत व्यक्ती सशस्त्र होती असे भासवण्यासाठी तिच्याशेजारी शस्त्र ठेवून छायाचित्र काढणे, हे प्रकार त्यात नोंदले आहेत. मुख्य ठपका गस्तीप्रमुखांवर, म्हणजे सार्जंट व कॉर्पोरल यांच्यावर आला. तळ सोडल्यावर शब्द त्यांचाच चाले, दलात दबदबाही त्यांचाच. तरुण अधिकारी बाजूला पडत. वरिष्ठांकडे केवळ ‘नैतिक’ उत्तरदायित्व ठेवण्यात आले. ठोकळेबाज भाषेतले मोहीम-अहवाल त्यांच्यापर्यंत पोहोचत होते, हे लक्षात घेता हा निष्कर्ष काहीसा उदार वाटतो. २०२४ मध्ये काही सेनानींची पदके काढून घेण्यात आली.

जर्मनीने २०२० मध्ये अतिउजव्या प्रवृत्तींमुळे आपल्या विशेष दलाची एक कंपनी बरखास्त केली. अमेरिकेच्या विशेष दलांच्या त्याच वर्षीच्या आढाव्याने मूल्यांचा सर्वव्यापी ऱ्हास नाकारला. नेतृत्वापेक्षा मोहिमेला अवाजवी महत्त्व मिळते, एवढे मान्य केले. ब्रिटनमध्ये न्यायमूर्ती हॅडन-केव्ह यांच्या अध्यक्षतेखाली २०२२ मध्ये चौकशी नेमण्यात आली. २०१० ते २०१३ दरम्यानच्या अफगाण मोहिमा तिच्या कक्षेत येतात.