वनस्पतिजन्य कार्बन (ऊर्जासाठवणीतील)

नारळाची करवंटी, लाकूड, उसाचे चिपाड असे पदार्थ हवा तोडून तापवल्यावर मिळणारा आणि सुपरकपॅसिटर (पृष्ठावर विद्युत भार साठवणारे, झटपट भारित होणारे साधन) व बॅटरी यांच्या विद्युत अग्रांसाठी (इलेक्ट्रोडसाठी) वापरला जाणारा कार्बन. लोणाऱ्यांची कोळशाची भट्टी याच तत्त्वावर चालते.

सातारा-सांगली पट्ट्यात यासाठी सर्वांत सहज मिळू शकणारा कच्चा माल म्हणजे बगॅस, अर्थात उसाचे चिपाड. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बगॅस निघतो. त्यात जवळपास निम्मे पाणी असते. शोधनिबंधांत त्याला ‘टाकाऊ’ म्हणण्याची रीत आहे, ती येथे लागू पडत नाही. कृष्णाकाठचे साखर कारखाने तो बॉयलरला लावतात, गुऱ्हाळांत चिपाडावरच चुलवाण पेटते.

सुपरकपॅसिटरसाठी कोळशात पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून तो ७०० ते ९०० अंश से. पर्यंत तापवतात. त्यामुळे सूक्ष्म छिद्रे पडून ग्रॅमभर कार्बनचे पृष्ठफळ १,००० ते ३,००० चौ. मी. होते, म्हणजे साधारण १० ते ३० गुंठे. विद्युत भार या पृष्ठावर साठतो. बाजारातील असा कार्बन मुख्यतः करवंटीचा असतो.

सोडियम बॅटरीला मात्र निराळा, ‘कठीण कार्बन’ लागतो. अशा, तापवूनही ग्रॅफाइट न बनणाऱ्या कार्बनांचा वर्ग शास्त्रज्ञ रोझलिंड फ्रँकलिन यांनी १९५१ मध्ये स्पष्ट केला. सोडियम ग्रॅफाइटच्या थरांत फारसा शिरत नाही. तो आकाराने मोठा म्हणून, असे सर्रास लिहिले जाते. पण त्याहून मोठा पोटॅशियम शिरतो. त्यामुळे तयार होणाऱ्या संयुगाच्या ऊर्जास्थैर्यावर आधारलेले स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. स्टीव्हन्स व डान या संशोधकांनी २००० मध्ये ग्लुकोजपासून केलेल्या कठीण कार्बनमध्ये ग्रॅममागे सुमारे ३०० मिलिअँपिअर-तास सोडियम साठवून दाखवला. तो आत नेमका कोठे बसतो, हा वाद तेव्हापासूनचा. त्यांच्या मते आधी थरांमध्ये, मग छिद्रांत. पुढे काहींनी आधी दोषस्थळी (कार्बनच्या रचनेतील त्रुटींच्या जागी) व मग थरांत, असा क्रम मांडला. शेवटच्या टप्प्यात बंद छिद्रांत धातुसदृश पुंजके बनतात, या मताला अलीकडील प्रयोगांचा आधार मिळाला आहे. म्हणूनच येथे उघडी छिद्रे नकोत. पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाळून १,००० ते १,५०० अंशांपर्यंत तापवणे इष्ट ठरते.

बगॅसची खरी अडचण राखेची आहे. उसातील सिलिका व शेतातून आलेली माती कोळशात उतरते. साध्या हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतल्यास क्षार जातात, सिलिका राहते. ती काढायला तीव्र अल्क किंवा घातक हायड्रोफ्ल्युओरिक आम्ल लागते. यंत्राने तोडलेल्या उसात माती व पाचट अधिक येत असल्याने हे काम आणखी वाढते.