सेवगोलम, पापवा

सेवगोलम, पापवा : (सु. १९२८–१९७८). दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाचे व्यावसायिक गोल्फपटू. मूळ नाव सेवसंकर. जन्म डर्बन येथे. काही ठिकाणी जन्मसाल १९३० दिलेले आढळते, पण १९२८ अधिक ग्राह्य मानले जाते. बीचवुड क्लबवर कॅडीचे (खेळाडूच्या काठ्या वाहणाऱ्या मदतनिसाचे) काम करताना ते खेळ शिकले. त्यांनी पहिली काठी बकाण निंबाच्या फांदीची केली, असे सांगतात.

त्यांची ख्याती उलट्या पकडीमुळे झाली. उजव्या बाजूने खेळणारा गोल्फपटू डावा हात दांड्याच्या वरच्या टोकाशी व उजवा त्याखाली ठेवतो; सेवगोलम यांचा उजवा हात वर, डावा खाली असे. मार्गदर्शकाविना शिकल्यामुळे ही सवय पक्की झाली, हेच मत सयुक्तिक वाटते. या पकडीत डावे मनगट सरळ राहते, म्हणून पटिंगमध्ये (चेंडू हलकेच खळगीत ढकलताना) चेंडूची रेषा सहसा बिघडत नाही. केवळ पटिंगसाठी ती आज अनेकजण वापरतात. लांब फटक्यात मात्र काठी मागे नेताना हात एकमेकांत अडकतात, खांदे पुरते वळत नाहीत आणि पल्ला घटतो. आघाताच्या क्षणी मनगटे वळायला उशीर झाला, तर काठीचा चेहरा (चेंडूला लागणारा भाग) उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला राहून चेंडू उजवीकडे जातो. अशा पकडीने संपूर्ण फेरी खेळून राष्ट्रीय स्पर्धा जिंकणे ही असामान्य गोष्ट होय.

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. स्ट्रोक प्ले (एकूण फटके मोजण्याच्या) स्पर्धेत खेळाडूने प्रत्येक होलच्या (खळगीच्या) फटक्यांची नोंद तपासून गुणपत्रिकेवर सही करायची असते. एखाद्या होलवर प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा राहिल्यास खेळाडू बाद ठरे, जास्त राहिल्यास तो आकडाच कायम होई. त्यामुळे विश्वासू वाचकाची साथ त्यांना अत्यावश्यक होती. उद्योजक ग्रॅहम वुल्फ यांच्या मदतीने ते युरोपात गेले आणि डच ओपन (नेदरलँड्सची खुली स्पर्धा) त्यांनी १९५९, १९६० व १९६४ अशी तीनदा जिंकली. १९६३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये ते संयुक्त तेरावे आले.

१९६३ मध्ये डर्बन कंट्री क्लबवर त्यांनी नाताळ ओपन (दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांताची खुली स्पर्धा) जिंकली. क्लबची इमारत गोऱ्यांसाठी राखीव होती. करंडक त्यांनी भर पावसात बाहेर उभे राहून स्वीकारला. बक्षीस समारंभ बाहेर घेण्याची प्रथाच होती, असा खुलासा काहींनी केला आहे. तो मान्य केला, तरी पाऊस आल्यावर गोरे आत जाऊ शकत होते आणि विजेता जाऊ शकत नव्हता, हे बदलत नाही. त्या प्रसंगाच्या छायाचित्राने वर्णभेदी क्रीडाव्यवस्थेविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय बहिष्काराला बळ दिले.

१९६५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचेच नामवंत गोल्फपटू गॅरी प्लेअर यांना मागे टाकून त्यांनी नाताळ ओपन पुन्हा जिंकली. पुढे सरकारने त्यांना गोऱ्यांच्या स्पर्धांतून वगळले, पासपोर्टही काढून घेतला. खेळाची उमेदीची वर्षे अशी गेली. डर्बनच्या रिझर्व्हॉयर हिल्स भागातील गोल्फ मैदानाला त्यांचे नाव आहे. ऑर्डर ऑफ इखामांगा हा राष्ट्रीय सन्मान त्यांना मरणोत्तर मिळाला.