हात आपोआप उडतोय? आधी शुगर बघा

शुगर वाढली की तहान लागते, सारखं लघवीला जावं लागतं, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. पण शुगरमुळे एका बाजूचा हातपाय आपोआप हलायला लागतो हे बऱ्याच जणांनी ऐकलेलंही नसतं, म्हणून लिहितेय.

पेशंट बहुतेक वेळा साठी-सत्तरीतला, त्यातही बायका जास्त. अचानक एक हात वळवळायला लागतो, खांदा उडतो, पाय फेकला जातो, पाण्याचा ग्लास तोंडाकडे नेताना हात भलतीकडेच जातो. बहुतेकदा माणूस शुद्धीवर असतो, नीट बोलत असतो, दुसऱ्या हाताने तो हात दाबून धरतो तरी थांबत नाही, आणि झोप लागली की मात्र हात शांत! याला कोरिया म्हणतात, ग्रीक भाषेतल्या नाच या अर्थाच्या शब्दावरून. यात बाधा-बिधा काही नसते, आणि काही जणांना तर डायबेटिस आहे हेच यातून पहिल्यांदा कळतं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. मेंदूत खोलवर बेसल गँग्लिया असतात, नको त्या हालचालींना ब्रेक लावणारे, आणि त्या ब्रेकचं मुख्य केमिकल म्हणजे गाबा. शुगर खूप चढली की पेशींमधली क्रेब्स सायकल, म्हणजे ऊर्जा बनवण्याची साखळी, मंदावते, मग पेशी ऊर्जेसाठी चक्क गाबाच वापरायला लागतात असं मानलं जातं. ज्यांच्या रक्तात कीटोन्स (इन्सुलिन फार कमी पडलं की चरबी जाळून बनणारे पदार्थ) वाढतात त्यांच्या मेंदूला त्यातून गाबा परत बनवता येतो, पण टाइप 2 डायबेटिसमध्ये थोडंफार इन्सुलिन शिल्लक असल्यामुळे कीटोन्स सहसा फारसे बनत नाहीत, म्हणजे साठा संपत जातो आणि भरून निघत नाही, ब्रेक सुटतो! तरी एकच बाजू का, हे एकट्या गाबाने सुटत नाही, त्यामुळे घट्ट झालेलं रक्त आणि बारीक रक्तवाहिन्यांतला कमी पुरवठा हेही कारण धरतात.

उजवा हात उडत असेल तर सीटी स्कॅनमध्ये डावीकडचा प्युटामेन हा बेसल गँग्लियातला भाग बऱ्याचदा पांढरा दिसतो, रक्तस्राव वाटावा इतका. स्ट्रोकमुळेही हात असा उडू शकतो, तेव्हा घरी वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा आणि तिथे शुगर तपासली का ते विचारा.

शुगर आटोक्यात आणली की बरेच पेशंट काही दिवसांत ते काही आठवड्यांत शांत होतात, काहींना हालचाली कमी करणारं हॅलोपेरिडॉल किंवा टेट्राबेनाझिन हे औषध द्यावं लागतं. एमआरआयमध्ये त्याच भागात दिसणारा पांढरा डाग मात्र हात थांबल्यावरही कित्येक महिने दिसत राहू शकतो.