नांगरापासून पंगतीपर्यंत : निसर्ग आणि अन्न शिकवणाऱ्या साधनांची पार्श्वभूमी

मुलांना निसर्ग, पर्यावरण आणि अन्न शिकवण्यासाठी आज तक्ते, कृतिपत्रिका, बियांची पाकिटं, चित्रफिती असं कितीतरी साहित्य मिळतं. मात्र ते बहुतेक तीन वेगवेगळ्या कप्प्यांत असतं: झाडं-पक्षी विज्ञानात, प्रदूषण पर्यावरणात, जेवण आरोग्याच्या धड्यात. ही विभागणी सुरुवातीपासूनची नाही.

1658 साली जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गला चेक शिक्षणतज्ज्ञ योहान आमोस कोमेनियस यांचं 'ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस' (म्हणजे 'इंद्रियांना दिसणारं जग, चित्रांत') हे पुस्तक प्रसिद्ध झालं. मुलांसाठीच्या सचित्र पाठ्यपुस्तकांची सुरुवात इथूनच मानली जाते. यात 150 धडे होते. चित्रातल्या वस्तूंना आकडे दिलेले आणि तेच आकडे लॅटिन व जर्मन मजकुरात, म्हणजे मूल शब्दावरून वस्तूवर आणि वस्तूवरून शब्दावर सहज ये-जा करू शके. अक्षरओळखसुद्धा कावळ्याच्या ओरडण्याने सुरू होते. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो धड्यांचा क्रम. आग, हवा, पाणी, ढग, माती यांच्यानंतर वनस्पती, मग प्राणी, मग माणूस. त्यापुढे बागकाम, नांगरणी, गुरं राखणं, मध काढणं, दळण, पाव भाजणं, मासेमारी, स्वयंपाक आणि शेवटी भरलेली पंगत. जमिनीतून ताटापर्यंतची वाट मूल पान उलटत उलटत चालत जाई.

पुढच्या शतकात विचारवंत रूसो आणि त्यानंतर स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉझी यांनी चित्राऐवजी खरी वस्तूच मुलाच्या हातात द्या, असा आग्रह धरला. त्यातूनच 'वस्तुपाठ' आला. मराठीत आपण आज हा शब्द 'आदर्श उदाहरण' या अर्थाने वापरतो, पण मुळात तो वर्गातला एक तास होता: काच, चामडं, साखर अशी एकेक वस्तू पेटीतून काढायची, बघायची, चाचपायची आणि तिचे गुण सांगायचे. कल्पना उत्तम होती, पण अनेक वर्गांत 'पारदर्शक, ठिसूळ, गुळगुळीत' अशा विशेषणांची घोकंपट्टी तेवढी उरली. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी दुसरी वाट धरली. 1840 साली त्यांनी आपल्या बालशाळेला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं, आणि त्यातली बाग नुसत्या नावापुरती नव्हती. मुलांना स्वतःचे छोटे वाफे असत.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी छपाई सुधारली आणि भिंतीवरचे मोठे रंगीत तक्ते शाळांत पोचले. जर्मनीत निघालेल्या काही तक्त्यांवर काळ्या पार्श्वभूमीवर फूल किंवा कीटक इतका मोठा काढलेला असे की शेवटच्या बाकावरूनही पुंकेसर मोजता यावेत. तरीही तक्त्यावरच्या फुलाला वास नव्हता.

याच सुमारास अमेरिकेत निसर्ग-अभ्यासाची चळवळ उभी राहिली. तिच्या मुळाशी शेतीतली मंदी होती. 1890 च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातली माणसं गावं सोडून शहरांकडे निघाली होती, आणि मुलांना भोवतालच्या जमिनीची गोडी लागावी म्हणून कॉर्नेल विद्यापीठाने शिक्षकांसाठी पत्रकं काढायला सुरुवात केली. या कामातल्या ॲना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक यांचं निसर्ग-अभ्यासाचं जाडजूड हस्तपुस्तक 1911 मध्ये आलं. त्यातले धडे मला आजही साधन म्हणून आदर्श वाटतात. शिक्षकासाठी थोडी माहिती आणि मग प्रश्नांची रांग, ज्यांची उत्तरं पुस्तकात शोधायची नसून गोगलगायीकडे किंवा डँडेलियन या पिवळ्या रानफुलाकडे बघून मिळवायची. शिक्षकाने 'मला माहीत नाही' असं मोकळेपणाने म्हणावं, हेही त्यांनी लिहून ठेवलं. शिक्षकाच्या मानेवरचं केवढं ओझं त्या एका वाक्याने उतरलं असेल!

अन्न मात्र तोवर वेगळ्या दारातून शाळेत शिरलं होतं: गृहविज्ञान आणि पोषण. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या टंचाईने ही फारकत पक्की केली. 1943 मध्ये अमेरिकी सरकारने अन्नाचे सात गट ठरवले, त्यात लोणी आणि मार्गारिन (लोण्याला पर्याय म्हणून वापरतात ते) हा एक स्वतंत्र गट होता. 1992 मध्ये या गटांचा पिरॅमिड, म्हणजे त्रिकोणी चित्र, आला, 2011 मध्ये ताटाचं चित्र. काय आणि किती खावं हे या चित्रांतून कळतं. ते कोणत्या मातीत उगवलं, त्याला पाणी कुठून आलं, याचा त्यात मागमूस नाही.

'पर्यावरण शिक्षण' हा शब्दप्रयोग त्या मानाने अलीकडे रुळला. 1960 च्या दशकात कीटकनाशकं आणि नद्यांचं प्रदूषण यांवर लोक बोलू लागले, 1969 मध्ये अमेरिकेतले अभ्यासक विल्यम स्टॅप आणि सहकाऱ्यांनी पर्यावरण शिक्षणाची व्याख्या मांडली, आणि 1977 मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या तिबिलिसीला युनेस्को व संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने आंतरसरकारी परिषद भरवली. पर्यावरण हा एक सुटा विषय नसून तो सगळ्या विषयांतून शिकवावा, ही तिथली भूमिका. साधनं बनवणाऱ्यांनी ती कितपत मनावर घेतली? माझ्या मते फार कमी. पुढच्या अनेक संचांत जंगल, कचरा, ओझोन आहे. मुलाच्या डब्यात काय आहे, हे क्वचितच.

तुटलेले धागे पुन्हा जुळायला लागले ते स्वयंपाकघरातून. 1995 मध्ये शेफ ॲलिस वॉटर्स यांच्या पुढाकाराने कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या एका शाळेत 'एडिबल स्कूलयार्ड', म्हणजे खाता येणारं शाळेचं अंगण, सुरू झालं. जिथे डांबर होतं तिथे वाफे आले, शेजारी मुलांसाठी स्वयंपाकघर. जपानने 2005 मध्ये 'शोकुइकू', म्हणजे अन्नशिक्षण, याचा कायदाच केला. अशा बागांमधलं साधन म्हणजे खुरपं, झारी, विळी-सुरी आणि खताचा ढीग. भाजी चिरून झाली की तिची सालं त्या ढिगावर जातात, आणि पुढच्या वेळी मूल तोच ढीग उकरतं तेव्हा त्यात गांडुळं सापडतात.