गोड न कळणाऱ्या बोक्याची शुगर

परभणीला माझ्या आत्याकडे एक पिवळा बोका आहे. दहा वर्षांचा, नसबंदी झालेला, आणि मागच्या उन्हाळ्यापर्यंत साडेसात किलोचा. साधारण मांजर चार-साडेचार किलोचं असतं, पण घरात त्याच्या आकाराचं कौतुकच होतं. मग तो माठाखालच्या ताटलीशी सारखा पाणी पिताना दिसू लागला. त्याच्या शी-शूच्या मातीच्या घमेल्याला मुंग्या लागायला लागल्या. खाणं तेवढंच, तरी पाठ हाताला लागू लागली. शेवटी तो मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून सशासारखा चालायला लागला, तेव्हा आत्यानं त्याला टोपलीत घालून डॉक्टरांकडे नेलं. वाढलेल्या साखरेनं पायांच्या नसा दुखावल्या की मांजर असं चालतं.

शुगर निघाली. आत्याचा पहिला प्रश्न मला अजून आठवतो : "गोड तर तो हुंगत बी नाही, मग ह्याला शुगर कुठून आली?"

प्रश्न भाबडा वाटतो, पण आत्याचं निरीक्षण पक्कं आहे. गोड चव ओळखणारी जिभेवरची यंत्रणा दोन भागांची असते आणि त्यातल्या एका भागाचा जनुक मांजराच्या कुळात मोडका आहे. हे २००५ मध्ये कळलं. म्हणजे पेढा समोर ठेवला तर मांजराला त्यातलं दूध-तूप कळतं, साखर कळत नाही. उंदीर-पाखरं खाऊन जगणाऱ्या प्राण्याला गोडाचं काम पडलंच नाही. त्याच्या लाळेत पिष्ट फोडणारं पाचक द्रव्य जवळजवळ नसतं आणि एकदम आलेली साखर उचलून धरण्याची यकृताची तयारीही तोकडी असते. आपण मात्र त्याला दुधात कुस्करलेली भाकरी देतो, नाहीतर पुड्यातले कोरडे दाणे. त्या दाण्यांत पिष्ट बऱ्यापैकी असतं, कारण त्याशिवाय दाणा वळतच नाही.

तरी खरा गुन्हेगार चरबी. लठ्ठ मांजराला मधुमेह होण्याचा धोका सडपातळ मांजराच्या सुमारे चौपट असतो. चरबी वाढली की पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात, स्वादुपिंड जास्त राबतं, आणि इन्शुलिनसोबत बाहेर पडणाऱ्या दुसऱ्या एका संप्रेरकाच्या गुठळ्या त्याच ग्रंथीत साचून ती हळूहळू निकामी होते. माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी हे फार जुळतं. बोका, त्यात नसबंदी झालेला, त्यात घरकोंबडा आणि वयस्क : आत्याच्या बोक्यात सगळं होतं.

इन्शुलिन सुरू झालं, दर बारा तासांनी. तरी साखर हटेना. डोस वाढत गेला. मग एका डॉक्टरांनी त्याचा ओठ वर उचलून पाहिला. मागच्या दाढांवर तपकिरी दगडासारखा थर, हिरडी लालभडक, वास असा की आत्यानं पदर नाकाला लावला.

मांजराला तीस दात असतात. माणसासारखी कीड त्यांना बहुतेक लागतच नाही. त्यांचे आजार वेगळे : एक म्हणजे हिरड्यांची सूज, आणि दुसरा असा की शरीर स्वतःच दाताचं मूळ विरघळवून टाकतं. दुसरा एक्स-रेशिवाय नीट दिसत नाही आणि भयंकर दुखतो. मांजर मात्र कण्हत नाही. ते वाटीपाशी जातं, हुंगतं आणि परत फिरतं. एका बाजूनं चावतं, घास पाडतं.

तोंडातली ही धग साखरेला भिडते ती अशी. सततच्या सुजेमुळे रक्तात जी रसायनं फिरतात ती इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतात, म्हणून साखर चढते. चढलेल्या साखरेत जंतूंना फावतं, हिरडी भरून येत नाही, म्हणून सूज राहते. त्यात सूज उतरावी म्हणून कोणी स्टिरॉइडचं लांब टिकणारं इंजेक्शन दिलं तर साखर आणखी भडकते. काही मांजरांना मधुमेह लागतो तोच अशा इंजेक्शनांनंतर.

दात स्वच्छ करायचे तर पूर्ण भूल द्यावी लागते. जाग्या मांजराचा वरचा थर खरवडला तर दात चकचकीत दिसतात, पण रोग हिरडीच्या खाली असतो. मधुमेही मांजराचा नंबर सकाळी पहिला लावतात, त्या दिवशी इन्शुलिन बहुधा निम्मंच देतात आणि भुलेत साखर तपासत राहतात. नंतरचा आठवडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आजारी दात निघाला की इन्शुलिनची गरज खाली येऊ शकते, आणि जुनाच डोस चालू ठेवला तर साखर धोक्याइतकी उतरते. मांजर लडखडलं, मलूल पडलं, झटके आले, तर हिरडीला मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळायचं आणि तसंच डॉक्टरांकडे पळायचं. मांजर जेवलंच नसेल तर नेहमीचा डोस टोचण्याआधी डॉक्टरांना फोन.

घरी ब्रश रोज. लहान बाळाचा मऊ ब्रश किंवा बोटाला गुंडाळलेलं ओलं फडकं, आणि मांजरासाठीचीच पेस्ट. आपली नको, मांजराला चूळ भरता येत नाही. आजीबाईच्या बटव्यातलं लवंगेचं तेल मांजराला विष आहे. पॅरासिटामॉल तर एका गोळीत जीव घेतं, कारण ते निकामी करायची सोय मांजराच्या यकृतात नीटशी नाही. कोरडे दाणे चावून दात साफ होतात म्हणतात, तेही फारसं खरं नाही. साधा दाणा दात लागताच फुटतो, घासत नाही. मधुमेही मांजराला कमी पिष्टाचं, मांसाचं, ओलं खाणंच बरं.

आतोबांनाही शुगर आहे, त्यामुळे घरात सुयांचा डबा आधीपासून होता आणि तिथंच घोळ व्हायची वेळ आली. आपल्याकडे इन्शुलिनच्या बाटल्या एका मिलिलीटरमागे ४० युनिटच्याही मिळतात आणि १०० युनिटच्याही. लाल टोपीची सिरिंज ४० ची, नारिंगी १०० ची. बोक्याचं इन्शुलिन, ग्लार्जिन नावाचं, १०० चं. ते लाल सिरिंजमध्ये एक युनिटच्या रेघेपर्यंत भरलं तर एक नाही, अडीच युनिट जातं. चार-सहा किलोच्या जिवाला हा फरक पुरेसा आहे. आत्यानं आता दोन डबे केलेत. बाटली फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. परभणीच्या मे महिन्यात लाइट गेली की ती ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी.

वजन उतरवायचं, पण उपाशी ठेवून नाही. एकादशी माणसाला झेपते. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात येऊन तुंबते आणि त्यातून ते दगावू शकतं. दात दुखून खाणं सुटलेल्या मांजराचं म्हणूनच थांबून पाहायचं नसतं. उतार आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास हवा. सात किलोच्या बोक्याला सत्तर ग्रॅम, एका टपोऱ्या लिंबाएवढं. साखर ताब्यात नसताना झरझर उतरणारं वजन वेगळं, त्यात स्नायू जातो. डॉक्टर म्हणूनच वजन आणि साखर शेजारी-शेजारी लिहायला सांगतात. लवकर उपचार, कमी पिष्टाचं खाणं आणि उतरलेली चरबी जुळून आली तर बऱ्याच मांजरांचं इन्शुलिन सुटतंही, निदान काही काळापुरतं.

दोन दाढा काढल्यावर बोक्याचा डोस तीन युनिटवरून एकावर आला. घरच्या वजनकाट्यावर सत्तर ग्रॅम दिसत नाहीत, म्हणून दर रविवारी आत्या त्याला टोपलीसकट कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेते. दुकानदार आधी रिकामी टोपली तोलतो, मग भरलेली, आणि वहीत आत्याच्या उधारीखाली लिहितो : बोका, ६.२००.