फाळके यांचा सर्वोत्तम चित्रपट कोणता? नाशिकच्या वादाची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये आवडत्या दिग्दर्शकांची चर्चा कोणाच्याही नावाने सुरू झाली, तरी ती दादासाहेब फाळके यांच्यापाशी येतेच, आणि त्यांचा सर्वोत्तम चित्रपट कोणता या प्रश्नावर ‘राजा हरिश्चंद्र’ हे उत्तर जणू ठरलेले असते. माझ्या मते या उत्तरात ‘पहिला’ आणि ‘सर्वोत्तम’ यांची गल्लत झालेली आहे. शिवाय तो चित्रपट नाशिकचा नव्हेच. फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला हे खरे. पण ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला दादरमध्ये आणि ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात.

त्याच वर्षी फाळके यांनी आपला सगळा पसारा नाशिकला हलवला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री न मिळाल्याने अण्णा साळुंके या पुरुषाला उभे करावे लागले होते. नाशिकला आल्यावर ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. तरीही १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका पुन्हा साळुंके यांच्याच वाट्याला गेल्या.

१९१८ मध्ये मुंबईच्या भांडवलदारांच्या भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली आणि पुढच्याच वर्षी ‘कालिया मर्दन’ आला. माझे मत याच चित्रपटाला आहे. आरंभी फाळके यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी साध्या वेशात कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावरचे भाव एकामागून एक बदलून दाखवते आणि मग पाहता पाहता तिचाच बाळकृष्ण होतो. ही केवळ लेकीची हौस नव्हे. पुढे दिसणारा देव हा अभिनय आहे, हे दिग्दर्शक प्रेक्षकाला आधीच सांगून टाकतो आणि तरीही त्याला गुंतवून ठेवतो. डोहातली झुंज आणि काठावर जीव टांगणीला लागलेले गोकुळ आलटून पालटून दाखवण्यात जी हातोटी दिसते, ती करामतीच्या दृश्यांपलीकडची आहे.

भागीदारांशी न पटल्याने फाळके काशीला गेले, काही वर्षांनी परतले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट कोल्हापूरचा. त्याविषयी कोणी फारसे भांडत नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले.

हा वाद मिटत नाही, त्यालाही कारण आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची मोजकीच रिळे उरली आहेत आणि तीदेखील १९१७ मध्ये नव्याने केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. ‘कालिया मर्दन’चा बराच मोठा भाग मात्र आजही पाहता येतो.