सुरीच्या टोकाशी वीस अंश का चुकतात?

क्लॅम्पवाल्या साच्यावर पहिल्यांदा सुरीला वीस अंशांच्या कोनात धार लावली, तेव्हा सरळ भागावर घासलेली चकचकीत पट्टी अगदी एकसारखी आली. टोकाकडे मात्र ती रुंद होत गेली. दगड तोच, हात तोच. एका मित्राने लगेच निदान केलं, "बिजागरीपासून लांब गेलास, की कोन कमी होणारच." कोन मोजायची डिजिटल डबी दगडाच्या सळईवर ठेवली. मध्यावर २०, साडेसात सेंटिमीटर बाजूला १८ अंश. मित्र जिंकल्यासारखा हसला. पण त्याचं म्हणणं चूक होतं.

साचा तसा साधा असतो. पात्याची पाठ क्लॅम्पमध्ये आवळायची. मागच्या बाजूला, पात्यापेक्षा उंचावर एक बिजागरी असते. तिच्यातून सळई सरकते आणि सळईवर दगड बसवलेला असतो. आपण फक्त पुढे-मागे करायचं, कोन त्रिकोण सांभाळतो. बिजागरी धारेपेक्षा साडेपाच सेंटिमीटर उंच आणि धार तिच्यापासून आडवी १५ सेंटिमीटर दूर असेल, तर ५.५ भागिले १५, म्हणजे सुमारे २० अंशांचा टॅन्जंट. दहावीचंच गणित.

मग १८ कुठून आले? घाटातला रस्ता आठवा. तो डोंगरावर तिरका चढतो म्हणून चढ कमी वाटतो, पण डोंगराचा उतार बदललेला नसतो. सळईचं तसंच. सरळ धार आणि बिजागरी यांतून एकच सपाट पृष्ठ जातं, आणि सळईभोवती मोकळा फिरणारा दगड त्याच पृष्ठावर टेकतो. डबी मोजते रस्त्याचा चढ, धारेला लागतो डोंगराचा उतार. तो सगळीकडे २० अंशच.

गडबड होते ती धार वळते तिथे. वळणावरच्या बिंदूला स्पर्शरेषा काढा आणि बिजागरीच्या बरोबर खालच्या बिंदूपासून तिच्यावर लंब टाका. कोन ठरतो या लंबाच्या लांबीवर, बिंदूच्या अंतरावर नव्हे. क्लॅम्प मुठीकडे असेल तर टोकाशी हा लंब २० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो. मग कोन साडेपंधरा अंशांवर येतो आणि पट्टी रुंद दिसते. क्लॅम्प टोकाच्या फार जवळ नेला, तर लंब ११ सेंटिमीटरच्या आसपास येऊन कोन २६ अंश होतो. वळण जर बिजागरीभोवतीच्या वर्तुळाचा तुकडा असतं, तर काहीच बदललं नसतं. आपण त्याच्या शक्य तितकं जवळ जायचं, बस्स.

म्हणून "०.१ अंश अचूक" अशा जाहिरातींना भुलू नका. क्लॅम्प दोन-तीन सेंटिमीटर चुकला, की टोकाशी एक-दोन अंश सहज जातात. मार्करची शाई जास्त प्रामाणिक: धारेलगतच्या घासायच्या पट्टीवर फासा, दोनदा हलके घासा, शाई कुठे उरली ते बघा.

कोन जमला तरी एक बाजू पुरेशी घासली गेली का, ते कळतं 'बर'वरून. धारेपाशी पातळ झालेलं पोलाद पलीकडे वळतं आणि अंगठा धारेला आडवा फिरवला की खरखर लागते. अंगठा धारेच्या दिशेने कधीच ओढायचा नाही! टाचेपासून टोकापर्यंत बर आली, की मगच सुरी उलटायची.

जाता जाता: ब्लेड पिरॅमिडखाली ठेवलं की आपोआप धारदार राहतं, यावर कारेल द्रबाल यांना १९५९ मध्ये चेकोस्लोव्हाकियात पेटंट मिळालं होतं. आजही आपल्याकडे वास्तूचे पिरॅमिड विकणारे त्याचा दाखला देतात. पेटंट म्हणजे प्रयोगाचा पुरावा नव्हे. झिजलेलं पोलाद पुठ्ठ्याच्या टोपीखाली भरून येत नाही.

माझा क्लॅम्प तीन सेंटिमीटर टोकाकडे सरकवल्यावर शाई शेवटपर्यंत सारखी निघाली. विळी मात्र त्यात बसत नाही, तिला अजून हातातलाच दगड.